बाबांचे उरलेले दोन शब्द

जामसंडे

चि. गौरजास,

हे पत्र मी पाठवणार नाही. तू बाबांची लेक, वाचलंस तर म्हणशील, "आई, तूसुद्धा?"

अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांची सगळी वाचा गेली, फक्त "होय म्हाराजा" तेवढं राहिलं. लहानपणी देवळात गाऱ्हाण्याला बसून, देवापुढच्या प्रत्येक मागण्याला सगळ्या गावाबरोबर म्हटलेलं. डॉक्टर म्हणाले, जुनं रुजलेलं कधीकधी उरतं. देव म्हणजे घाबरटांची काठी, असं जन्मभर सांगणारा माणूस आता पाणी हवं का विचारलं तरी तेच म्हणतो. तेव्हापासून ते अंथरुणाला खिळून आहेत आणि मी बहुतेक वेळ त्यांच्यापाशी.

काल विश्रामकाका आले. "वैनी, बघलात? शेवटाक देवच बोललो त्याच्या तोंडातसून. दादा, सोमवारी देवळात येतलस मा?"

"होय म्हाराजा," बाबा म्हणाले. त्यांची डावी मूठ चादरीवर आवळली होती.

काका गेल्यावर मी विचारलं, "तुम्हाला जायचं नाही ना?"

"होय म्हाराजा."

म्हणजे मी विचारीन तेच त्यांचं उत्तर. आणि मला तर जायचं आहे गो. शाळेत सिस्टर ऑगस्टा सांगायच्या, भीती वाटली की हात जोडायचे. मी अजून जोडते, स्वयंपाकघरात, बाबांना दिसू नये म्हणून. आता त्यांच्यासमोर जोडले तर अडवणार कोण? म्हणूनच जोडवत नाहीत.

सोमवारी शेजारची सुगंधा त्यांच्यापाशी बसेल. मी एकटीच जाईन. सगळा गाव "होय म्हाराजा" म्हणेल, तेव्हा माझ्याच तोंडून ते निघणार नाही; त्यात आता मला बाबांचं "नाही"सुद्धा ऐकू येतं.

तुझी,
आई