नीश, मशीन आणि एकच भिंत

तांता, ९ जानेवारी

ती. स्व. सौसनमावशीस इनासचा सलाम आणि सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. फोन करता आला असता, पण आमच्या घरात फोनवर बोलणं म्हणजे चौकात दवंडी पिटणं. आई कांदा चिरता चिरता दोन्ही बाजूंचं ऐकते. म्हणून काकांच्या लाकडाच्या गाडीवरच्या रजबच्या हाती हे पाकीट आणि भाजलेल्या हरभऱ्यांची पिशवी देते आहे.

काम असं आहे. शहाताकाकांना सांग, माझ्या आहेराच्या नीशच्या कपाटासाठी इतक्यात लाकूड कापू नका. लग्नानंतर आम्ही राहणार त्या वाइलच्या फ्लॅटचा हॉल तू पाहिलास. एकीकडे बाल्कनी, दुसरीकडे दोन दारं, तिसरीकडे सोफा. मोकळी भिंत एकच. तिथे आईला काचेच्या दारांचं नीश हवं, ज्यात बारा माणसांची चिनी मातीची भांडी आम्ही म्हातारे होईपर्यंत नुसती बसून राहतील. मला तिथे माझा कॉम्प्युटर हवा. साधा नव्हे, खेळायचा, एकेक भाग निवडून स्वतः जोडलेला.

तू हसशील, पण शाळेत असल्यापासून मला हा हवा होता. आधी सायबर कॅफेतल्या कोपऱ्यातला खडखडणारा डबा, मग कॉलेजातला लॅपटॉप, ज्यावर जरा वेळ खेळलं की भाकरी भाजून निघेल. औषधाच्या दुकानात उभं राहून राहून पायांचे तुकडे पडले, त्या पगारातून मी याच्यासाठी बाजूला टाकत आले. आणि खरं सांगू का मावशी, या लग्नात पडद्यांच्या रंगापासून चमच्यांपर्यंत मी एकही वस्तू निवडलेली नाही. ही एक मला निवडायची आहे.

सध्या कार्डावर अडलं आहे. चित्र काढतं ते ग्राफिक्स कार्ड आणि विचार करतो तो प्रोसेसर. एकावर फार उधळलं की दुसरा मागे पडतो आणि पहिला त्याची वाट बघत बसतो. वाइलला विचारलं की म्हणतो, तू म्हणशील ते. लग्नाआधीच इतका शहाणा नवरा मला जरा संशयास्पद वाटतो.

तेव्हा आईची समजूत घाल. तुझा लोभ आहेच, तो तिच्या बाजूला सरकू नये एवढंच मागणं.

तुझी भाची,
इनास

दुम्यात, १५ जानेवारी

चि. सौ. कां. इनासला मावशीचे अनेक आशीर्वाद.

'सौ. कां.' लिहिताना पेन अडखळलं. काल तुझ्या आईचा फोन आला होता. नीश नाही तर लग्न नाही, असं ताईनं सांगून टाकलं. त्यामुळे हे 'कां.' मला किती वर्षं लिहावं लागणार, ते बघायचं. हरभरे मिळाले. पिशवी अर्धी होती. रजब म्हणतो, वाटेत हवेनं सुकून कमी झाले.

तुझ्या काकांना सांगितलं की भाचीला नीश नको आहे. त्यांनी आधी उठून खिडकी लावली. दुम्यातमध्ये राहून असलं वाक्य मोठ्यानं बोलतात का, असं म्हणाले. इथे गल्लीतली सगळी घरं नीशवर जगतात, बाळ. मग मात्र तुझं पत्र पुन्हा वाचायला लावलं आणि बराच वेळ दाढी खाजवली.

आम्हा दुम्यातच्या लोकांची तुम्ही बदनामी करता की आम्ही पाहुण्याला विचारतो, जेवणार का हलक्या पोटी झोपणार. तेव्हा त्या कंजूष नावाला जागून एक सल्ला देते. तुझ्या त्या डब्यात वीज पुरवणारा भाग तळाशी झाकलेला असतो, असं आमच्या शेजारच्या मुलीनं सांगितलं. मग त्यात हात आखड. नीशची पाठ भिंतीला लागते, तिथे कोणी बीच झाडाचं महागडं लाकूड लावत नाही, प्लायवूड ठोकून मोकळे होतात.

आणि खेळतेस काय, ते तरी कळव. ताई म्हणते, तलवार घेऊन डोंगर चढत असतेस. सासूबाईंना हे ठाऊक आहे का?

माझा लोभ सध्या दोघींच्या मधोमध उभा आहे, त्याला ओढू नकोस.

तुझी,
सौसनमावशी

तांता, ३ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस सा. न. वि. वि.

मुशब्बकची मिठाई मिळाली. डब्याचा एक थर रजबनं खाल्ला आणि पाक दाढीला लावून खालमानेनं उभा राहिला.

तुझा सल्ला मी आदरानं बाजूला ठेवला आहे. वीज पुरवणारा भाग दिसत नाही म्हणूनच तिथे काटकसर करायची नसते. तो फसला तर जाताना बाकीच्यांना घेऊन जातो. काकांना म्हणावं, प्लायवूडची पाठ नीशला शोभत असेल, माझ्या मशीनला नाही. इथे वीज कधी जाईल आणि कशी येईल, ते तुला मी काय सांगायचं.

गेल्या आठवड्यात मी आणि वाइल कैरोला बाब अल-लूकच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. दुकानदाराला प्रश्न मी विचारायची आणि तो उत्तर वाइलला द्यायचा. वाइल बिचारा ऐकून घ्यायचा आणि माझ्याकडे वळून विचारायचा की तो काय म्हणाला. असं तीन दुकानांत झालं. चौथ्यात एक पोक्त बाई बसल्या होत्या. त्यांनी वाइलला खुर्ची आणि चहा दिला आणि माझ्याशी बोलायला लागल्या. सगळ्यात मोठं कार्ड मी घेणारच होते, त्यांनी हात धरला. माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्याला ते पेलणार नाही, म्हणाल्या, खालच्या पायरीचं घे आणि पडदा चांगला घे. ऐकलं. रॅम मात्र मी माझ्या हट्टानं दुप्पट घेतली.

एक चूक जाणूनबुजून केली. मशीनचा डबा पुढून जाळीचा घ्यायला हवा होता, हवा खेळते. मी घेतला तीन बाजूंनी काचेचा. आईला वाटलं, हाही नीशसारखाच दिसतो, तर ती विरघळेल.

विरघळली नाही. सगळे भाग मी पलंगावर मांडले होते, तिनं त्यांच्यावर चादर घातली, मयतावर घालावी तशी. मीही चिडले. म्हणाले, ज्या कपांतून आजवर कोणी घोटभर चहा प्यालं नाही, ते कोणालाही देऊन टाक. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि निघून जाते. वाइल आला तर नमाजाला बसते, वेळ असो नसो. त्याच्या आईनं काल विचारलं, तारीख नक्की धरायची ना. मावशी, मला वाइल हवा आहे, मशीन हवं आहे आणि आईही हवी आहे. एका भिंतीवर हे सगळं कसं मावणार?

लोभाचं यावेळी लिहीत नाही, तो मला लागणारच आहे.

इनास

दुम्यात, ११ फेब्रुवारी

चि. सौ. कां. इनासला आशीर्वाद, आणि एक धपाटाही.

कपांबद्दल जे बोललीस ते तुला शोभलं नाही. ते सोनेरी काठाचे, निळ्या फुलांचे कप कुठून आले, कधी विचारलंस? तुझ्या जन्माच्या वर्षी संत सय्यद बदवींच्या जत्रेत तुझ्या आईनं पहिला घेतला. पूर्ण संच एकदम घेणं तिला झेपणारं नव्हतं. मग दर जत्रेला एक कप, एक बशी. दुकानदार तिच्यासाठी तेच फूल जपून ठेवायचा. एका वर्षी त्यानं जरा वेगळ्या निळ्याचा दिला, तर ही पावसाचिखलात परत गेली आणि बदलून आणला. तुला मिठाईची बाहुली मिळायची आणि तिला कप. बारावा घेतला तेव्हा तू तिच्या खांद्याला लागली होतीस. ते सगळे वर्तमानपत्रात गुंडाळून ती ज्या पलंगाखाली ठेवायची, त्याच पलंगावर तू तुझे भाग मांडलेस.

तू एकेक भाग निवडून एक वस्तू जोडते आहेस. तिनं वेगळं काय केलं? तुम्ही दोघी एकाच मापाच्या हट्टी आहात, म्हणून एका खोलीत मावत नाही.

जा, आधी तिची माफी माग. तिच्या पाठीमागे जाऊन माग, तोंडासमोर गेलीस तर ती मसाला कुटायला घेईल.

आता भिंतीचं. तुझ्या काकांनी उपाय काढला आहे. ते असं नीश करणार की वर आणि दोन्ही अंगांना ताईची भांडी, मधल्या कप्प्यात तुझं मशीन आणि समोर ओढून घ्यायची फळी, तिच्यावर पडदा आणि तुझी बटणं. त्याखालच्या कप्प्याची काच जरा पुढे काढून तिथे सोनेरी कप. मशीनचं माप पाठव, लांबी, रुंदी, उंची. ते म्हणतात, दुम्यातमध्ये असलं नीश अजून झालेलं नाही, आणि आता खिडकी उघडी ठेवून म्हणतात.

लोभ मी काकांच्या हाती दिला आहे, ते रंधा मारून पाठवतील.

तुझी,
सौसनमावशी

तांता, १७ एप्रिल

ती. स्व. मावशीस सा. न. वि. वि.

माफीचं तुला फोनवर सांगितलंच, पण फोनवर आई शेजारी होती. माफीच्या दिवशी ती भांडी घासत होती, मी मागून सगळं बोलले. तिनं नळ सोडला तो बंदच करेना. मग म्हणाली, पाणी वाया जातंय, बंद कर. त्यानंतर आम्ही बोलायला लागलो.

काल सामान नेलं. तीन गाड्या, पुढे ढोल, बायकांच्या जघारीतच्या आनंदी आरोळ्या. तुमचं नीश दुसऱ्या गाडीवर उभं करून बांधलं होतं आणि आईनं बजावलं की काचेवर काही झाकायचं नाही, लोकांना दिसू दे. लोकांना मशीनही दिसलं. समोरच्या उम्म हानीनं विचारलं की मधल्या कप्प्यात तो काचेचा डबा कसला. आई म्हणाली, मत्स्यालय आहे, मासे मागून येतील. आता उम्म हानी मासे बघायला येणार आहे.

नीश फार सुंदर झालं आहे, मावशी. पण एक घोळ झाला, आणि त्यात काकांचा काही दोष नाही. मी माप पाठवलं ते डब्याचं. मागे तारांना आणि हवेला जागा सोडा, हे लिहायचं सुचलंच नाही. काकांनी अभिमानानं कळवलं होतं की मुंगीही आत जाणार नाही. खरंच जात नाही, आणि हवाही नाही. काल सगळे गेल्यावर मी मशीन चालू केलं. इतका सुंदर खेळ मी आजवर पाहिला नव्हता, डोंगरावरचं गवतसुद्धा वेगवेगळं हलत होतं. थोड्याच वेळात पंखे किंचाळायला लागले आणि सगळं काळं झालं. जळलं काही नाही, तापलं म्हणून स्वतःच बंद पडलं. पण मुंगीबंद कपाटात ते कायमचं चालणार नाही.

दोनच उपाय आहेत. नीशच्या पाठीला भोकं पाडायची आणि मशीनखालचा कप्पा रिकामा करून खालून हवा येऊ द्यायची. त्या कप्प्यात आईनं स्वतःच्या हातानं सोनेरी कप मांडले आहेत, प्रत्येकाचा कान उजवीकडे. मांडून झाल्यावर ती तिथे किती वेळ उभी होती, ते मी पाहिलं आहे. आता हलव कसं म्हणू? येत्या गुरुवारी लग्न आहे. सध्या मधल्या दारात चप्पल अडकवून काम भागवते आहे. मशीन विकून टाकावं असंही मनात येऊन गेलं, आणि मला रडू आलं.

काय करू ते रजब तिथून परत निघायच्या आत कळव. लोभ कसाही असो, उत्तर लवकर पाठव.

इनास

तांता, २१ एप्रिल

चि. सौ. सौसन हिस नग्वाताईचे आशीर्वाद.

तुमचा पत्रांचा धंदा मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. रजब माझ्यासमोर उभा राहून हरभरे खातो. पत्रं मी वाचलेली नाहीत, तुम्हा दोघींचे चेहरे वाचले की मला पुरतं.

काल फ्लॅटवर पडदे लावायला गेले, तर नव्या कोऱ्या नीशच्या दारात चप्पल. चप्पल, सौसन. मी तोंड उघडणारच होते, पण दाराला हात लावला तर काच तापलेली, पोराच्या अंगात ताप असतो तशी. आत बिचारं घुसमटत होतं. इनास कोपऱ्यात चोरासारखी उभी होती. मी विचारलं, तेव्हा कुठे सगळं बोलली. माझ्या पोटच्या मुलीला माझ्या कपांची इतकी भीती वाटावी, याची मला लाज वाटली. मी कप बाहेर काढायला घेतले.

खालून हवा मिळाली तसं ते यंत्र शांत झालं. मग इनासनं पडद्यावर समुद्र लावून दिला, आत मासे. म्हणाली, उम्म हानी आली की हेच दाखवू. मी जरा वेळ बसून पाहिले. मासे चांगले आहेत. एक शार्क आला तेव्हा मी पाय वर घेतले, ते कोणाला सांगू नकोस.

शहाताला म्हणावं, नीशच्या पाठीला जाळी करून पाठव, लाकडाची, कातीव, खिडक्यांना करतो तशी. आणि भिंतीकडे जाते म्हणून प्लायवूडची पाठवू नकोस.

आता कपांचं. वाइल शिडीवर चढून पडदे लावत होता, चहा मागत होता, आणि त्या घरात अजून दुसरा कप उघडलेला नव्हता. बाहेर काढलेले होते, त्यातच ओतला. त्याला इनासनं त्या कपांची सगळी कहाणी आधीच सांगून ठेवली होती. पोरानं कप इतका जपून, दोन बोटांत धरला की व्हायचं तेच झालं. फरशीवर पडून कपाचे तुकडे झाले. वाइल पांढरा पडला आणि इनासनं डोळे मिटून घेतले. मीही वाट बघत राहिले की आता छातीत कळ येईल. आली नाही. मला हसू आलं, सौसन, कितीतरी दिवसांनी, आणि मग तिघंही हसलो.

आता अकरा उरले. अकरा कपांचा संच कोणी नीशमध्ये मांडत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणजे आता ते चहाचे कप झाले. चहा नेहमीसारखाच लागतो त्यातून. मी इतकी वर्षं तो कोणासाठी राखून ठेवत होते, कोण जाणे.

गुरुवारी लवकर ये, मुशब्बकचा डबा स्वतःच्या मांडीवर घेऊन. तुझा चहा निळ्या फुलांच्या कपात मिळेल. लोभ तुझ्यावर आहेच, आता तोही वापरायला काढते.

तुझी,
नग्वाताई