माणसं नंतर घेऊ

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज बाईंची खुर्ची नेली. भांडारवाला दारात उभा, "मॅडम, वापरात नाही ना ही?" नाही म्हटलं. काय म्हणणार! खरंच वापरात नाही. चाकं कुरकुरत गेली, पार जिन्यापर्यंत ऐकू येत होती.

डबा एकटीने उघडला. बाई असत्या तर आधी माझ्या डब्यात डोकावल्या असत्या, मग नाक मुरडून स्वतःचा उघडला असता.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दिवसभरात एकूण बोलणं – लिफ्टमध्ये एकाला, "दुसरा मजला." बस्स.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बाईंकडे गेले. अर्धांगाच्या झटक्यानंतर तीन महिने झाले, उजवा हात अजून लुळाच. डॉक्टर म्हणतात, समजतं सगळं. पण तोंडातून एकच शब्द येतो – "बरोबर". काहीही विचारा, बरोबर! धाकटी बहीण करते त्यांचं सगळं. ती मला हसत हसत सांगत होती, "चहा हवा? बरोबर. नको? बरोबर. ताई, मी गाढव आहे का? बरोबर! जन्मभर माझं एक काही बरोबर म्हणून धरलं नाही हिने, आता बघ!" हसता हसताच डोळे पुसले तिने.

मी भोकाचा विषय काढला. वीस-बावीस वर्षं बाई आणि मी यंत्राला जग शिकवतोय. म्हणजे मोठं काही नाही, शेंबड्या पोराला कळतं तेवढंच. पेला उपडा केला की पाणी सांडतं. टॉवेल पिळला की त्याचा आकार बदलतो, टॉवेल तोच राहतो. एकेक नियम हाताने लिहायचा. त्यात एकदा मोज्याला पडलेलं भोक आलं. भोक ही वस्तू आहे का? मोजा उचलला की तेही सोबत जातं, उलटा केला तरी असतं. मग रफू केल्यावर जातं कुठे? आठवडाभर भांडलो होतो! शेवटी बाई म्हणाल्या होत्या, "अगं, भोक म्हणजे वस्तू नव्हे, ते मोज्याचं वागणं आहे." आज तेच त्यांना म्हणून दाखवलं. डोळे चमकले. "बरोबर!"

हे खरं बरोबर होतं. मला फरक ओळखू येतो. येतो का?

बुधवार, १२ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरचा चष्मा वर आला. नाव आहे त्याला, पण मी चष्माच म्हणते. पस्तिशीचा असेल. हाताखाली वीस पोरं, आणि ते यंत्र – माझ्या भाषेत पोपट. पोपटाला नियम-बियम कुणी लिहून दिलेले नाहीत. लाखो चित्रं, लाखो पानं खाऊ घातली आणि तो आपला आपण शिकला.

"मॅडम, तुमचे प्रश्न विचारून बघा ना याला."

विचारले. टॉवेल – बरोबर. फाटलेला कागद, वितळलेली मेणबत्ती – बरोबर. मोज्यातलं भोकसुद्धा! मग हुकमाचा पत्ता काढला. बादलीत चेंडू टाकला, वर ताट झाकलं, सगळं टेबलावर उलटं केलं, ताट हळूच ओढून घेतलं, बादली उचलून बाजूला नेली. चेंडू कुठे? पोपट म्हणतो, बादलीत!

टाळी वाजवली मी. चष्मा बिचारा लाजला. आणि मग समोर बघितलं तर बाईंची रिकामी जागा. ही टाळी द्यायची कुणाला?

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पोपट आता चेंडू टेबलावरच आहे म्हणतो. "काय केलंत?" विचारलं. "अशी थोडी उदाहरणं दाखवली." त्या एका चेंडूपायी आमचा आख्खा उन्हाळा गेला होता.

पण आमचं यंत्र कारण सांगतं! कुठल्या नियमावरून कुठे पोहोचलं ते बोट ठेवून दाखवतं. पोपटही सांगतो कारण, पण ते खरंच त्याचं की नंतर जोडलेलं, हे चष्म्यालाही ठाऊक नाही. तसं त्यानेच कबूल केलं. चांगला आहे मुलगा. रागही त्याचाच येतो!

रविवार, १६ फेब्रुवारी

दादाचा फोन. "काय गं, अजून तेच का? बादल्या-पेले?" मागून वहिनी, "तिला म्हणावं, इकडे ये, खऱ्या बादल्या घासायला!" मीही हसले. मग दादा हळूच म्हणाला, "एकटी किती दिवस काढशील?" घरातलं म्हणत होता की कामातलं, विचारलं नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

खोली महिनाअखेर बंद. आमचं काम थांबवायचं. दोन ओळींचा निरोप.

तडक खाली गेले. चष्म्याला पोरांसमोरच फैलावर घेतलं. "वर येऊन गोड बोलायचं आणि खालून सुरुंग लावायचा?" पोरं माना खाली घालून बसली. चष्मा मला बाहेर घेऊन गेला.

"मॅडम, मी नाही सुचवलं. बाईंनी."

"कोणत्या बाईंनी?"

"तुमच्याच. आजारी पडायच्या आधी संचालकांना भेटल्या. मी होतो तिथे. म्हणाल्या, आमचा रस्ता इथवरच होता, आता बंद करा. आणि मला म्हणाल्या, त्या मुलीला खाली तुमच्यात घ्या. तुमच्या यंत्राला 'का' विचारणारं कुणीतरी लागेलच."

मुलगी! एकोणपन्नास वर्षांची मुलगी!

तो म्हणाला, जागा अजून ठेवली आहे, तीन तारखेपर्यंत कळवा. मी म्हटलं, आत्ताच कळवते – नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मला सांगितलं नाही. समोरासमोर बसून डबा खात होतो रोज, आणि मला सांगितलं नाही!

शनिवार, २२ फेब्रुवारी

गेले. जायचं नाही असं ठरवून गेले. बहीण औषधं आणायला बाहेर पडली तशी सरळच विचारलं, "बाई, आपलं काम बंद करा असं तुम्ही सांगितलंत?"

"बरोबर."

"की चष्मा खोटं बोलतोय?"

"बरोबर."

"मला का नाही सांगितलंत?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. डावा हात पुढे केला. मी माझा दिला नाही. खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, बराच वेळ तेच बघत राहिले. पाठीमागून पुन्हा एकदा, अगदी हळू – "बरोबर."

बहीण आली तेव्हा मी अजून खिडकीशीच, पाठ करून. ती म्हणाली, "भांडलात वाटतं! बरं वाटलं गं. पूर्वीसारखं वाटलं."

सोमवार, २४ फेब्रुवारी

डबा नेला नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

शेवटचा दिवस. संध्याकाळी वायरमन येणार होता यंत्र सोडवायला. त्याआधी अर्धा तास मिळाला.

बाईंचं आवडतं वाक्य होतं – काय बदललं ते कुणीही सांगेल, काय बदललं नाही ते सांग. पेला टेबलावरून उचलला तर भिंतीचा रंग तोच राहतो, हे आपल्याला सांगावं लागत नाही. यंत्राला सांगावं लागतं. अर्धं आयुष्य त्यातच गेलं आमचं.

म्हणून यंत्राला शेवटचं तेच विचारलं. खोलीतून एक खुर्ची नेली. काय बदललं नाही? ते मुकाट्याने सांगत सुटलं. टेबल तिथेच. दिवा तिथेच. खिडकी तिथेच. कपाट, कपाटाचं दार, दाराची कडी… मी वाचत गेले. माझं नाव कुठेच नाही. येणार कसं? माणसं आम्ही त्यात घातलीच नव्हती. मी किती वेळा म्हटलं होतं, बाई, माणसं घ्यायला हवीत. त्या म्हणायच्या, "माणसं फार अवघड गं. नंतर घेऊ."

वायरमन आला. "बंद करू का?" म्हणाला. मान हलवली.

रविवार, २ मार्च

बाईंकडे दिवसभर होते. नखं कापून दिली त्यांची. काम, यंत्र, चष्मा – कशाचाही विषय काढला नाही. निघताना नेहमीसारखं म्हटलं, "येते हं बाई."

"जा."

बहीण आतूनच ओरडली, "ताई, जा काय म्हणतेस! ये म्हणावं!" – आणि मग पीठ लागलेल्या हातांनी धावत बाहेर आली.

बाई माझ्याकडेच बघत होत्या. डाव्या हाताने दाराकडे बोट केलं. एकेक अक्षर जमवत, घाम फुटेपर्यंत –

"खाली. जा."