शिक्षा म्हणजे शिक्षण

मुक्काम देवास

तीर्थस्वरूप आबांना कृतिकाचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं. दुसऱ्या कुणी कानावर घालण्याआधी मीच सांगते.

इथल्या मराठी मंडळाच्या फळ्यावर मी लिहिलं होतं, "नाक्यापलीकडच्या वस्तीतल्या मुलांना शिक्षा मिळालीच पाहिजे." मला म्हणायचं होतं शिक्षण! हिंदी शाळेत घातलंत, आता भोगा. कमिटीने ते भडकाऊ म्हणून पुसलं. चूक माझीच. पण शेजारी कुणीतरी बिननावाचं लिहिलं होतं, "वस्तीवाले गल्लीत शिरले तर हातपाय मोडा." ते आठ दिवस तसंच राहिलं. त्याचं मराठी अगदी शुद्ध होतं ना!

शेवटी मीच ते पुसलं. तर अध्यक्ष जगदेवराव म्हणाले, "भानगडच नको, फळाच काढून टाकू." मी म्हटलं, "काका, मला मूर्ख म्हणा, वस्तीच्या नावाने बोटं मोडा, मी हात लावणार नाही. हातपाय मोडायची गोष्ट दिसली की मात्र पुसणार. आणि फळा इथेच राहणार."

तेव्हापासून कुणीतरी दोनदा माझ्या स्कूटरची हवा सोडली. मी पायी जाते, व्यायाम होतो. आईचा गुडघा कसा आहे? तिला हे हवेचं सांगू नका.

माझं वाक्य सुधारून मी पुन्हा लिहिलंय आणि खाली पूर्ण नाव घातलंय, तुमच्या नावासकट. धारला तुमच्या घरी येऊन कुणी विचारलंच, तर सांगा, हो, पोरगी माझीच.

तुमचीच,
कृतिका कृष्णराव शितोळे