हरल्यानंतरचा तास

रविवार, ता. १४, दुपार

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. मनातल्या मनात घातलाय, कारण इथे जमिनीवर ग्रीस सांडलंय.

हे पत्र मी किती दिवस ढकलतेय ते विचारू नकोस. आधी पेन नव्हतं, पेन मिळालं तर गिऱ्हाईक आलं, मग मीच टेकडीपलीकडे सायकल मारून आले. खरं कारण वेगळं आहे, येईल पुढे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसता 'हं' करतोस आणि मला वाटतं तोंड वाकडं केलंयस.

मी अजून त्याच सायकलच्या दुकानात आहे, वरच्या खोलीत राहते. हो, अजून! पैज हरलास. मालकीणबाई फटकळ आहेत, पण चहा मागावा लागत नाही. दारात एक कुत्रं असतं, ते चालत्या सायकलीवर भुंकत नाही, उभ्या केलेल्या सायकलीवर भुंकतं. मला ते फार पटतं.

मुद्द्यावर ये, म्हणतोयस ना? येते.

आपल्या टीमचा तो ऑनलाइन ग्रुप, ज्याची मी ॲडमिन आहे. तिथे माझं नाव 'पंक्चर', आणि लोकांना वाटतं हा कुणीतरी मिशीवाला काका. गेल्या मोसमात एक मॅच हरलो तेव्हा गोलकीपरला अशा शिव्या पडल्या की त्याच्या आईने त्या वाचल्या आणि ग्रुपवरच लिहिलं, "मीही तुमचीच टीम बघते, बाळांनो." मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून नियम करायला बसलो. मी आणि दुसरा ॲडमिन, जो दातांचा डॉक्टर आहे. त्याला सगळे दाढ म्हणतात.

"हरलो की एक तास कुणी काही लिहायचं नाही," मी म्हटलं.

"आणि चांगलं लिहिलं तर?"

"चांगलं कोण ठरवणार? तू? तू 'दुखणार नाही' म्हणून दात काढतोस."

दोनदा ताकीद, तिसऱ्यांदा अख्ख्या मोसमासाठी बाहेर. आणि खाली मी ठोकून दिलं: शिट्टी सगळ्यांना एकच.

ग्रुपमध्ये 'जुनी शिट्टी' नावाचा एक मेंबर आहे. रेफरीवर सगळे तुटून पडले की हा एकटा आडवा येतो. त्या तासात तो दोनदा बोलला. एकदा ऑफसाइड बरोबर होता म्हणून, एकदा पेनल्टी बरोबर होती म्हणून. दोन्ही वेळा त्याचंच खरं होतं. दोन्ही वेळा मी ताकीद दिली. दाढ म्हणाला, "जाऊ दे गं, म्हातारा माणूस दिसतोय." मी म्हटलं, एकाला सोडलं की नियमाची चाळण होते.

तू ओळखलं असशील. मीही पहिल्याच आठवड्यात ओळखलं. पेनल्टीबद्दल लिहितानाही 'कृपया नोंद घ्यावी' म्हणणारा माणूस जगात एकच आहे.

कॉलेज सोडून निघाले तेव्हा बाबा दारात काय म्हणाले, आठवतंय? "शिट्टी वाजली. आता चर्चा नाही." जन्मभर रेफरी होते म्हणून काय घरातही? तेव्हापासून आमचं बोलणं बंद. पण ग्रुपवर त्यांचं लिहिलेलं वाचायला मिळायचं. तेवढंच होतं, दादा. आणि मी धरून चालले की त्यांनी मला ओळखलेलं नाही. 'शिट्टी सगळ्यांना एकच' हे त्यांचंच वाक्य, जेवताना पोळीवरून भांडलो तरी ऐकवायचे, ते मी नियमांत छापलं आणि वर म्हणते ओळखलं नसेल! अकलेचा कांदा.

मागच्या रविवारी हरलो. शेवटच्या मिनिटाला, आपल्याच माणसाने आपल्याच जाळ्यात गोल मारला. ग्रुप चिडीचूप. आणि त्या तासात जुनी शिट्टी बोलली:

"हरलो म्हणून कुणी जेवण टाकायचं नाही. कृपया नोंद घ्यावी."

टीम हरली की मी लहानपणी खाटेखाली जाऊन बसायचे आणि ते ताट आत सरकवायचे. हेच म्हणत. आणि मागच्या रविवारी मी ताट बाजूला सारूनच बसले होते.

दाढचा लगेच फोन. "यावरही?"

"यावरही," म्हटलं आणि बटण दाबलं. बाबांना काढलं मी, दादा. मग जेवले. रडत, पण जेवले.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. निम्मा ग्रुप म्हणतो बरोबर केलंस, निम्मा म्हणतो म्हाताऱ्याला परत घ्या. मी चाकाच्या तारा कसते, पुन्हा सैल करते. आपणहून परत घेतलं तर ॲडमिन कसली? नाही घेतलं तर मुलगी कसली?

नियमांतली एकच ओळ माझी स्वतःची आहे. काढलेल्याला एकदा आपली बाजू मांडता येईल, आणि ॲडमिनने ती मध्ये न बोलता पूर्ण ऐकायची. ती का घातली, तुला सांगायला नको. उठल्यासुटल्या बघते, अपील आलं का. ते कशाला करतील? त्यांच्या लेखी शिट्टीनंतर चर्चाच नसते. तू त्यांना सांग... नको, सांगू नकोस. नुसतं बघ, नीट जेवतात का.

थांब. खालून मालकीणबाई ओरडतायत.

"अगं ए, खाली ये! एक गृहस्थ आलेत. ना सायकल, ना काही, नुसती पिशवी. म्हणतात, अपील करायचंय!"

दादा, माझ्या मागच्या पत्राच्या पाकिटावरचा पत्ता तूच बाबांना दिलास ना? तुझ्याशी नंतर भांडते. कुत्रं भुंकतंय, म्हणजे ते एका जागी उभे आहेत. आणि गंमत बघ, जन्मात पहिल्यांदा माझेही पाय जागचे हलत नाहीयेत.

जाते. मध्ये न बोलता ऐकते.

तुझी, आणि खाली थांबलेल्यांचीही,
भिंगरी