लासुर्ण्याच्या विहिरीतला माझा निम्मा हिस्सा

मी, राम म्हस्कू मदने, वय सव्वीस, राहणार लासुर्णे, तालुका इंदापूर (राहणार म्हणजे घर तिथं, मी कुठंही असतो), पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दाबाशिवाय हे लिहून ठेवतो. छातीतली झडप खराब आहे. पुढच्या आठवड्यात पुण्याला ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, "काळजी करू नका." तेच पुन्हा म्हणाले, तेव्हा लिहायला बसलो.

१. घर आणि जमिनीतला माझा हिस्सा थोरला भाऊ युवराज याला. जमीन त्यानं कसली, मी फक्त जेवायला आलो.

२. माझी लूना स्वरूपावहिनीला. ब्रेक उशिरा लागतो, जपून. बारामती एमआयडीसीत दुधाच्या प्लॅन्टवर होतो तेव्हा घेतलेली. मेंढरं चरायला कोकणात निघाली होती, जरा सोबत म्हणून गेलो तो पावसाच्या तोंडाला परतलो. नोकरी गेली, लूना राहिली. असो.

३. घोंगडी साखरमावशीला. मेंढरं नदीपार नेता नेता ती पाणी शिकली, आणि लुगड्याचा काचा मारून विहिरीत उतरून तिनं अर्ध्या गावाला शिकवलं. तिची रीत अशी: पोराच्या पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि पोर जसं हात मारू लागेल तसं डब्यात तांब्या तांब्या पाणी ओतायचं, म्हणजे डबा कमी उचलतो आणि पोर जास्त. पण ओतायचं ते पोराला सांगून. एकदा मी म्हणालो, "मावशी, गुपचूप वत की, भेतंय ते." तर म्हणाली, "फसवून शिकलेलं पोर पाण्याला भेत न्हाय, माणसाला भेतं. भ्या वाटतंय तवर रोज उतरायचं. धाडस काय आईच्या पोटातनं येतंय व्हय रं? सवयीनं येतंय."
आणि ज्याचा डबा सुटला, म्हणजे जो डब्याशिवाय पोहू लागला, त्यानं तो पुढच्याच्या पाठीला बांधायचा, हाही तिचाच नियम.

४. सोपानकाकाला काही देऊ नये. युवराज लहान असताना काकानं त्याला गंमत म्हणून मागून विहिरीत ढकललं. वर काढल्यावर सगळे हसत होते. त्यानंतर युवराज विहिरीच्या काठालाही गेला नाही. काकाला तेराव्याला जेवायला मात्र बोलवा, नाहीतर बोंबलत फिरेल.

५. आता विहीर. पाइपलाइन आल्यापासून युवराज म्हणतो, "बुजवून टाकू. काय करायचाय ह्यो खड्डा? एखादं पोर जाईल जिवानिशी." यंदाच्या उन्हाळ्याआधीच बुजवायचं त्याच्या मनात आहे. माझं मन ह्याच एका गोष्टीत अडकलंय.
त्याची मुलगी प्रतिक्षा पहिल्यांदा विहिरीवर आली तेव्हा पायरी सोडत नव्हती. मला पाण्यात उतरायची बंदी, मी काठावर बसून नुसता बोलत होतो. मागच्या उन्हाळ्यात तीच दुसऱ्यांना डबे बांधत होती. एकाला सांगताना ऐकलं, "तांब्याभर वतलाय बरं का, आता जड हुशील." घरी तिच्या हातून पाण्याचा माठ फुटला तेव्हाही कुणी विचारायच्या आधी आईला सांगून आली. साखरमावशीनं असलं काही शिकवलं नव्हतं. तिनं फक्त डबे बांधले होते.
म्हणून विहिरीतला माझा निम्मा हिस्सा प्रतिक्षाला. ती सज्ञान होईपर्यंत तिच्या आईनं, स्वरूपावहिनीनं सांभाळावा. दोघींच्या होकाराशिवाय विहिरीत मातीची पाटी पडू नये.

६. मात्र युवराजनं स्वतः डबा बांधून, लेकीच्या हाताखाली पोहायला शिकावं. डबा सुटल्यावरही बुजवावीशी वाटली, तर माझी हरकत नाही. खुशाल बुजव, दादा.

हे लिहिलेलं मी वाचून पाहिलं, माझ्या मनासारखं आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: लासुर्णे
दिनांक: १२ मार्च १९९७
राम म्हस्कू मदने

साक्षीदार:
१. साखरबाई (डाव्या अंगठ्याचा ठसा)
२. युवराज म्हस्कू मदने

युवराजनं सगळं वाचलं. मग सही करून म्हणाला, "डबा पोरीनं बांधू दे. पाणी वतताना सांगायला तू पायजेस. माघारी ये." हे कुठल्या कलमात घालायचं कळेना, म्हणून सहीखाली लिहिलं.