विहीणबाईंच्या कोपराचं माप

सोमवार, १० फेब्रुवारी

चि. दादूस,
अ. उ. आ. (त्यातला ‘उत्तम’ आज वगळला आहे.)

काल, रविवार दिनांक ९ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, तुझ्या नव्या घराच्या खालच्या मजल्यावर, अजून गिलावाही न झालेल्या खोलीत मी जे पाहिलं ते लिहून ठेवते आहे. फोनवर तू नुसता हो आई, हो आई करतोस आणि मागे टीव्ही बोलत असतो, म्हणून पत्र. तक्रारीत आधी तारीख, मग वेळ, मग कारण, आणि रडगाणं सगळ्यात शेवटी, जागा उरली तर, असं आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं.

जमिनीवर खडूनं बाथरूम काढलेली होती. एका कोपऱ्यात कमोड, समोर बेसिन, पलीकडे शॉवर. कमोडच्या जागी प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीवर तुझ्या सासूबाई, फोटो काढून घ्यायला बसावं तशा बसलेल्या. तू त्यांच्यापुढे गुडघे टेकून टेपचं एक टोक जमिनीला आणि दुसरं त्यांच्या कोपराला लावलं होतंस. सूनबाई आकडे वहीत उतरवून घेत होती. धरायचा दांडा इथे बरा की दोन बोटं वर, असं तू विचारलंस. तुम्हाला बरं वाटेल तिथे, असं त्या म्हणाल्या. तू पुन्हा विचारलंस. मग आणखी एकदा. मी मोजलं.

मी तुमच्या जेवणाचा डबा घेऊन दारात उभी होते. तुझं लक्ष गेलं तेव्हा तू मला जरा बाजूला व्हायला सांगितलंस, कारण उजेड अडत होता.

एकतीस वर्षं मी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. बाईमाणसाला ड्राफ्ट्समन म्हणताना तिथे कोणाची जीभ अडखळली नाही, कारण माझ्या रेघेत खोट सापडत नव्हती. शाळांच्या, दवाखान्यांच्या मिळून तीनशेच्या वर बाथरूम मी कागदावर उतरवल्या. आणि माझ्या पोटच्या मुलाच्या घरातली बाथरूम ठरते कोणाला विचारून? तर जिनं आयुष्यात फूटपट्टी फक्त पाठ खाजवायला वापरली तिला!

मला काही फरक पडत नाही. मला तिथे राहायचंच नाही, हे मी तुला तीनदा सांगून झालं आहे. माझ्या दोन खोल्या मला पुरेत. फक्त एवढंच कळवते, की त्या खडूच्या नकाशात एक चूक आहे. मोठी चूक. उजेड अडवत उभी असताना मला ती दिसली. शनिवारी, २२ तारखेला, सुतार येणार म्हणे. त्यानं काम केलं की ती चूक जन्माची. ती कोणती, हे लेखी विचारल्याशिवाय मी सांगणार नाही.

लोभ असावा. असलाच तर कधीतरी दिसावा.

तुझी आई


गुरुवार, १३ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि. (साष्टांग खरोखरच घातला असता, पण रविवारपासून कंबर धरली आहे.)

उजेडाचं वाक्य माझ्या तोंडून गेलं खरं. चुकलो. डबा चाटूनपुसून खाल्ला, पण तोवर तू निघून गेली होतीस.

तुला का विचारलं नाही ते सांगतो. जुन्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर नवं करताना हिनं हौसेनं एक कागद तुला दाखवला होता, आठवतं? तू लाल पेन्सिल मागितलीस. कागद परत आला तेव्हा त्यावर हिचं असं फक्त नाव उरलं होतं. ही बाथरूममध्ये जाऊन रडली. त्या बाथरूमचा नकाशा कोणी काढला होता कोण जाणे, आवाज बाहेर स्पष्ट येत होता. शिवाय तू येणार नाहीस म्हणालीस. तीनदा. मीही मोजलं.

आणखी एक गोष्ट आहे. तुला सांगू नये असं सासूबाईंनी बजावलं होतं, तरी सांगतो. डिसेंबरच्या शेवटी त्या स्वतःच्या घरी बाथरूममध्ये पडल्या. दोन तास आत होत्या. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून आंघोळीला भिंत धरून जातात. आता त्या आमच्याकडेच राहायला येणार आहेत, खालच्या खोलीत. तुला कळलं तर तू त्यांना बावळट म्हणशील, याची त्यांना धास्ती. दांडा त्यासाठी, आणि कोपरही त्यासाठीच.

आता रीतसर लेखी विचारतो, की चूक कोणती?

लाल पेन्सिलीसकट लोभ असू द्यावा.

तुझा
दादू


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

श्रीमती विहीणबाईंना,
स. न. वि. वि.

दादूचं पत्र आलं. तुम्ही पडल्याचं मला दीड महिन्यानं कळतं आहे. आपण विहिणी आहोत, शत्रुराष्ट्रं नव्हे. बावळट मी म्हटलं असतं, हे खरं, पण तुमच्या उशाशी बसून म्हटलं असतं.

एक विचारायचं आहे. त्या दिवशी तुमच्या बाथरूमचं दार कोणत्या बाजूला उघडत होतं, आत की बाहेर? दोन तास का लागले?

विचारण्याचं कारण असं. रविवारच्या खडूच्या नकाशात दार म्हणजे दोन रेघांमधली नुसती मोकळी जागा होती. आम्ही कागदावर दार काढतो तेव्हा ते उघडताना जेवढी जागा खातं तेवढं पाव वर्तुळही काढतो. दादूनं ते काढलंच नाही. दाराच्या जागी टेकवून ठेवलेली चौकट मी पाहिली, तिची खाच आतल्या बाजूला आहे, म्हणजे दार आत उघडणार. उघडणार ते थेट कमोडपुढे. आत माणूस पडलं तर त्याच्याच अंगाला दार अडणार. ही ती चूक.

मला ती रविवारीच दिसली होती. बोलले नाही, कारण माझा जळफळाट झाला होता. पाच दिवस मी ती मुठीत धरून बसले, हे तुम्हाला लिहिताना बरं वाटत नाही. जळफळाट अजून आहेच. मला कोणी कधी तीनदा विचारत नाही. मी पहिल्यांदाच उत्तर देऊन मोकळी होते.

उत्तर लगेच पाठवा. लोभाचं नंतर पाहू.

तुमची विहीण


सोमवार, १७ फेब्रुवारी

विहीणबाईंना,
स. न. वि. वि.

माझं अक्षर तुमच्यासारखं छापील नाही, सांभाळून घ्या.

दार आतच उघडत होतं. मी दाराशीच पडले. शेजारीण पाच मिनिटांत आली, घराची किल्ली असते तिच्याकडे. कडीसुद्धा मी लावली नव्हती. पण दार चार बोटांपलीकडे सरकेना. जोर लावला की ते माझ्या पायावरच यायचं. शेवटी तिच्या यजमानांनी सुतार शोधून आणला आणि त्यानं दाराची फळी कापली. तोवर ती त्या चार बोटांच्या फटीतून माझ्याशी बोलत राहिली. तिच्या माहेरची सगळी माणसं मला आता तोंडपाठ आहेत.

मला वाटायचं, मीच वेंधळी. दाराबद्दल कोणी काही बोललंच नाही. तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा मोकळं वाटलं.

आता माझंही ऐका. मला विचारतात ते मी काही बोलत नाही म्हणून. खुर्चीवर बसवलं की बसते. माझी लेक तुमच्या लाल रेघांवर रडली खरी, पण ओटा तिनं त्या रेघांप्रमाणेच करून घेतला, आणि आता नव्या घरासाठी तोच कागद सुताराला दाखवते. आमच्या सासूबाईंनी काढलाय, असं वर सांगते. मी शिकवलेलं ती कधी कोणाला दाखवायला गेली नाही. त्या कागदाचा मला किती राग येतो म्हणून सांगू!

आणि त्या घरात जायची मला भीती वाटते, हे मुलांना सांगू नका. दोघंही दिवसभर कामावर. दांडा धरायला मिळेल, पण दांड्याला हाक मारता येत नाही.

लोभ आहे असं धरून चालते.

तुमची विहीण


मंगळवार, १८ फेब्रुवारी

चि. दादू आणि चि. सौ. सूनबाई यांस,
अ. उ. आ.

नकाशा सोबत जोडला आहे. चूक लेखी विचारलीस, म्हणून लेखीच उत्तर देते. दार बाहेर उघडलं पाहिजे. का, ते विहीणबाईंकडून ऐका, त्या दारामागे दोन तास पडून होत्या आणि तुम्ही दोघांनी फक्त हाड मोडलं का एवढंच विचारलंत. चौकट बसवताना फिरवून घ्यायला सांगा, खाच बाहेरच्या बाजूला आली पाहिजे. कडी अशी घ्या की बाहेरून नाण्यानं फिरवता येईल. फरशीचा उतार जाळीकडे हवा, दाराकडे नको. दांडा विहीणबाईंच्या कोपराला धरून घेतलेल्या उंचीवरच राहू दे. ते माप बरोबर आहे. हे एक वाक्य लिहायला मला दहा मिनिटं लागली.

सूनबाई, ही पेन्सिल साधी आहे, पुसता येते. बेसिन तुला डावीकडे हवं असेल तर खुशाल पूस. पण दाराच्या पाव वर्तुळाला हात लावशील तर गाठ माझ्याशी आहे.

आता मुद्द्याचं. दार बाहेर उघडलं की ते पाव वर्तुळ शेजारच्या, विहीणबाईंच्या खोलीत येतं. त्यामुळे त्या खोलीची मापं मला लागतील. लांबी, रुंदी, खिडकी कोणत्या भिंतीला आणि जमिनीपासून किती वर. दार सताड उघडल्यावर तिथे दोन पलंग बसतात का, मध्ये तीन फूट मोकळे सोडून, हे मला पाहायचं आहे. दुसरा पलंग कोणाचा, हे विचारू नका. मी तीनदा नाही म्हणाले, हे दादूनं मोजलं. चौथ्यांदा विचारायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

खिडकीकडचा पलंग माझा. विहीणबाई काही बोलणार नाहीत, त्या कशालाच बोलत नाहीत, म्हणून तर कोणीतरी त्यांच्या खोलीत असायला हवं. दादू, सकाळचा चहा तू स्वतः आणून देणार असशील तर पहिला कप इकडे, हेही आत्ताच ठरवून टाकलेलं बरं.

लोभ आहे, तो मोजत बसू नका. खोली मोजा. मापं फूट आणि इंचांत, खाली तुझी सही, शुक्रवार दिनांक २१ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मला लेखी मिळाली पाहिजेत. पाच वाजून एक मिनिटानं आलेलं उत्तर मी उघडणार नाही.

तुमची आई