सही अजून केलेली नाही

मंगळवार, 2 ऑगस्ट 1983, कालगुर्ली, ऑस्ट्रेलिया
वीणाने पुढच्या वर्षीच्या, म्हणजे इयर इलेव्हनच्या, विषयांचा फॉर्म आणला. फिजिक्सच्या जागी हिस्टरी! डोकं भणाणलं, पण ओरडलो नाही. मी लोकशाहीवादी बाप आहे. विचार करून सही करतो म्हटलं आणि फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला. मुदत 19 तारखेपर्यंत. सहीशिवाय फॉर्म म्हणजे रद्दी. तेव्हा विचार सावकाश करायचा.
श्यामला म्हणाली, घेऊ दे की हिस्टरी. ही स्वतः हॉस्पिटलात डॉक्टर, आणि असं बोलते! पुण्याला अण्णांना मी जूनमध्येच कळवलंय, तुमची नात डॉक्टर होणार. एक्याऐंशी वय त्यांचं. आता काय सांगू?
नोंद: मला स्वतःला इतिहास कधीच आवडला नाही. सायन्सला मी आपणहून गेलो.

बुधवार, 3 ऑगस्ट
निश्चय: वीणाला रोज अर्धा तास फिजिक्सची गोडी लावणे.

गुरुवार, 4 ऑगस्ट
शिफ्ट लांबली. गोडी उद्यापासून.

रविवार, 7 ऑगस्ट
सगळी गोडी एकदमच लावावी म्हणून वीणाला खाणीवर नेलं. मोठं चाक, वायररोप, माणसांची लिफ्ट खाली कशी उतरते, सगळं समजावून सांगितलं. वळून बघतो तर ही जागेवर नाही. लिफ्ट चालवणाऱ्या म्हाताऱ्या नेव्हिलशेजारी खोक्यावर बसून त्याच्या वडिलांच्या वेळचा संप लिहून घेत होती. हा गृहस्थ अकरा वर्षांत माझ्याशी 'गुड डे, मेट'च्या पुढे गेलेला नाही. तिच्याशी तासभर बोलला, शेवटी डोळे पुसले. मीही उभा राहून ऐकलं. केवळ शिष्टाचार म्हणून. जेवणाची वेळ टळून गेली.

बुधवार, 10 ऑगस्ट
जेवताना श्यामला म्हणाली, सालबाईचा तह पानिपतच्या आधीचा ना रे? घास खाली ठेवला. 17 मे 1782, म्हटलं, आणि त्या दिवशी शुक्रवार होता. मायलेकी एकमेकींकडे बघून हसल्या. यात हसण्यासारखं काय? हे सामान्यज्ञान आहे. शाळेत इतिहासाचं बक्षीस मिळालं होतं, तेसुद्धा न मागता. ते पुस्तक अजून ट्रंकेत आहे. टाकून द्यायला सवड झालेली नाही.

शुक्रवार, 12 ऑगस्ट
वीणाच्या हिस्टरीच्या टीचर, मिसेस डॉसन, यांनी असाइनमेंट दिलीय. घरातला एखादा जुना कागद शोधायचा, त्यातलं खरं किती, खोटं किती ते तपासून निबंध लिहायचा. आम्ही काय राजेरजवाडे? मी डिग्री सर्टिफिकेट आणि फ्रिजची गॅरंटी काढून दिली. 'कॅन आय यूज एनीथिंग, बाबा? मराठीतलं पण?' म्हटलं, नो वरीज, घरातलं काहीही घे. तिला मराठी वाचता कुठे येतं? मी रविवारचं शिकवायला घेतलं होतं, तीन धड्यांत सोडलं. पोरीला ओढच नव्हती. श्यामला म्हणते, पुढचं मी शिकवतेय. शिकवू दे बापडी.

सोमवार, 15 ऑगस्ट
ही वही ड्रॉवरमध्ये उलटी सापडली. श्यामलाने आवराआवर केली असणार.
आज उगाच 1954 आठवलं. माझा कॉलेजचा फॉर्म अण्णांनी भरला. मी आर्ट्ससमोर पेन्सिलने छोटीशी खूण केली होती, ती त्यांनी खोडली. शाईची दौत धरून मीच शेजारी उभा होतो. दौत धरली म्हणजे संमती होतीच. थोडी शाई सांडली, एवढंच.

बुधवार, 17 ऑगस्ट
वही पुन्हा उलटी. श्यामलाला सांगितलं पाहिजे.

शुक्रवार, 19 ऑगस्ट
मुदत संपली! फॉर्म ड्रॉवरमध्येच, सही अजून केलेली नाही. ना वाद, ना रडारड. वीणा तर गाणं गुणगुणत शाळेत गेली. समजूतदार आहे, माझ्यावर गेलीय. अण्णांना पत्र टाकलं, सगळं ठरल्याप्रमाणे. आज आनंदाचा दिवस. जेवण मात्र गेलं नाही.

शुक्रवार, 26 ऑगस्ट
वीणाचा निबंध तपासून आला. ए. माझ्यापुढे ठेवला आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली. नाव: 'एका मायग्रंट इंजिनिअरची डायरी'.
ड्रॉवर उघडला. वही उलटी.
फॉर्म दोन मिळाले होते म्हणे. एकावर श्यामलाने 3 तारखेलाच सही करून दिली. मी सतरा दिवस राखत बसलो तो जास्तीचा. आईची सही चालते हे या घरात मला कोणी सांगितलं नाही.
निबंध इंग्रजीत आहे. त्यात म्हटलंय: 'लेखक 2 ऑगस्टला म्हणतो, सायन्सला आपणहून गेलो. 15 ऑगस्टला तो दौत धरून उभा आहे. त्याच्या शब्दावर विसंबता येत नाही. पण शाई सांडली, हे खरं वाटतं. आठवीत इतिहासाचं बक्षीस मिळवणाऱ्या या मुलाला कोणी काही विचारलेलं दिसत नाही.'
भयंकर चिडलो. मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. आत आलो तेव्हा दोघींनी पान वाढून ठेवलं होतं. आज जेवलो.
अण्णांना काय लिहायचं ते मी बघतो.
निबंधात एक चूक आहे. वीणा, तू हे वाचणारच, म्हणून इथेच लिहितो. बक्षीस आठवीत नाही, नववीत मिळालं होतं. पुस्तक ट्रंकेत तळाला आहे, डाव्या बाजूला. घे तुला.